बिनशर्त

माखलोलीतल्या माणसाला मत कुणाला देणार असं विचारलंत, तर तो आधी चहा देईल, मग यंदा मोहोर कसा उशिरा आला ते सांगेल, आणि निघताना फाटकापर्यंत पोचवायला येऊन म्हणेल, "बघू या, लोक काय करतात ते." हे लोक म्हणजे नेमके कोण, ते त्यालाही ठाऊक नसतं. अठरा हजार मतदारांच्या या गावात प्रत्येक जण लोकांकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि लोक त्याच्याकडे.

सानिका मयेकर याच गावात वाढली आणि याच गावात संसाराला लागली, त्यामुळे तिला या कशाचं नवल नव्हतं. पण या खेपेला नगराध्यक्षपदाला तीन जण उभे राहिले आणि त्यातली तिसरी तिची सख्खी आत्या निघाली. तेव्हापासून सानिकाचं कशात म्हणून लक्ष लागेना. दूध उतू जाई, कुलूप लावलं की नाही ते बघायला ती कोपऱ्यावरून परत येई, आणि परत आल्यावर आपण कशासाठी आलो ते विसरे.

पहिले उमेदवार विक्रांतशेठ शेट्ये, सत्तेतल्या आघाडीचे. शेजारच्या मोठ्या शहराचा कचरा ट्रकांनी आणायचा, गावाबाहेरच्या टेकडीवर भट्टीत जाळायचा आणि त्यातून वीज करायची, ही कल्पना त्यांचीच. दुसरे बापू तोडणकर, विरोधी आघाडीचे. बापू दोनदा अध्यक्ष होऊन गेले होते. त्यांच्या काळातले रस्ते पहिल्या श्रावणाच्या आत वाहून गेले आणि कंत्राटं मेहुण्याच्या घरी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भट्टी होऊ देणार नाही, असं बापूंनी भर सभेत सांगितलं होतं.

तिसऱ्या वृषाली नाटेकर. पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होत्या, आता निवृत्त. पक्ष नाही, आघाडी नाही, निशाणी कढई. आई गेल्यावर सानिकाला याच आत्यानं वाढवलं होतं. गावाचा कचरा गावातच कसा जिरवायचा, याची आत्यानं वॉर्डावॉर्डानुसार योजना केली होती आणि ती कुणालाही पटेल अशी होती. पटतही होती. "बाई सोन्यासारख्या आहेत," लोक म्हणत, "पण निवडून थोड्याच येणारेत?"

सानिकाचा नवरा तन्मय तेच म्हणे, फक्त जास्त तळमळीनं. टेकडीच्या पायथ्याशी त्याची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. राख पडायला लागली की कोवळी पानं करपणार, आणि करपलेलं कलम कुणी फुकटही नेत नाही. बारा वर्षं हातानं बांधलेली बाग सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा येई.

"आत्यांची मतं कुणाची खाणार? बापूंचीच," तो म्हणे. "शेट्येंचं एकही मत फुटायचं नाही. आत्यांना मत म्हणजे भट्टीला मत, सानिका. मला आत्यांबद्दल आदर आहे, पण आदरानं धूर थांबत नाही."

आणि त्याचं गणित बरोबर होतं.

या गणिताचाच तोडगा म्हणून त्या वर्षी गावात 'कौल' आला. विद्यापीठातल्या काही मुलामुलींनी बनवलेली ती यंत्रणा फोनवर चाले. आपण तिला दोन गोष्टी सांगायच्या: मनापासून कोण हवा आहे, आणि आणखी किती जण खरोखर तयार असतील तर आपण त्याला मत देऊ. तेवढे तयार नसतील तर आपलं मत दुसऱ्या पसंतीला. एवढंच.

खरी करामत आतली होती. प्रत्येकाचं उत्तर फोनमधून बाहेर पडतानाच कुलूपबंद होई, आणि किल्ली कुणाकडेच नसे, यंत्रणेकडेही नाही. तरीही त्या कुलूपबंद आकड्यांची बेरीज करता येई. मुठी न उघडता आतले चिंचोके मोजावेत तसं. गणितात ही युक्ती फार पूर्वीपासून माहीत होती, पण एका गावाचा हिशेब करायला तेव्हाच्या संगणकांना महिना लागला असता. नव्या चिपांनी ते काम तासाभरावर आणलं. त्यामुळे कुणाचं मत काय हे कुणालाच कळत नसे, आणि सगळ्यांचं मिळून काय होतं ते मात्र कळे.

मोजणी साखळीनं होई. आधी बिनशर्त तयार असलेले मोजायचे. समजा ते शंभर निघाले. मग ज्यांची अट शंभरात भागते ते त्यांना येऊन मिळणार. समजा चारशे झाले, तर चारशेची अट घालणारे पुढे येणार. अशी साखळी जिंकण्याइतकी लांब झाली, तर मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना 'हो' असा कौल मिळणार, नाहीतर 'नाही'. सुरुवातीला यंत्रणा सगळ्या अटी एकमेकींवर टेकवून 'हो' सांगत असे. पण एका गावात असा 'हो' आला आणि मतदानाच्या दिवशी सगळेच कचरले, कारण बाकीचेही आपल्यासारखेच अटीवाले आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हापासून नियम झाला, की पहिली कडी बिनशर्त माणसांचीच हवी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सानिकानं बायका बोलावल्या आणि आत्याला कौल समजावून सांगायला बसवलं. आचारसंहितेमुळे वाण देता येणार नव्हतं. त्यावर आंबेरकर वहिनींनी नाक मुरडलं, पण तिळगूळ खाता खाता त्यांनीही फोन पुढे केला.

"अहो वृषालीताई, पण ह्याच्यात किती लिहायचं?"

"तुमच्या मनाला येईल ते लिहा. अट घालायला घाबरू नका, त्यासाठीच तर हे आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ होता. "आता समजा, मी लिहिते, निम्मं गाव तयार असेल तर मी तयार. निम्मे म्हणजे नऊ हजार. हे बघा, असं लिहायचं."

"नऊ हजार," आंबेरकर वहिनी पुटपुटल्या.

"उदाहरण हो ते."

"हो हो, कळलं की."

सगळ्याजणी आपापल्या फोनात वाकल्या. सानिकाही सरबताचे ग्लास उचलून ओट्याशी आली आणि तिनं फोन काढला. तिला क्षणभर शून्य लिहावंसं वाटलं. आत्याच ती. पण खिडकीतून खालच्या रोपवाटिकेची शेडनेट दिसत होती आणि तिच्यात तन्मय एका कलमाला पट्टी गुंडाळत उभा होता, तान्ह्या पोराला दुपट्यात घ्यावं इतक्या जपून. सानिकानं नऊ हजार लिहिले आणि फोन चटका बसल्यासारखा घाईनं पर्समध्ये टाकला. शून्य लिहिणारे असतीलच की पुष्कळ, ती स्वतःला म्हणाली. आत्याच्या प्रचाराला फिरणाऱ्या मुली आहेत, तिचे जुने सहकारी आहेत. आणि स्वतः आत्या आहेच.

प्रचाराचे दिवस तिनं नुसते पायाला चाकं लावून काढले. दारोदार जाऊन ती "निर्धास्त मत द्या" म्हणे आणि म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं टाळे. सगळीकडून एकच उत्तर येई, "आमचं काय, आम्ही तयारच आहोत, लोकांचं बघा."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी कौल आला. तन्मय आणि ती पायरीवर बसली होती. दोघांचे फोन एकदमच वाजले.

"नाही," तन्मयनं वाचलं आणि सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की कसला, ते तिला कळलं नाही. "आता निदान मनाला रुखरुख नको. उद्या बापू."

"हं," सानिका म्हणाली.

कौलाखाली सारांश होता. नावं नाहीत, घरं नाहीत, फक्त बेरजा. तन्मय आत गेल्यावर तिनं तो उघडला. कढईला मनापासून पसंती देणारे: अकरा हजारांहून अधिक.

ती उठून उभी राहिली. अकरा हजार! गावातला अर्ध्याहून जास्त माणूस आत्याला मागत होता आणि यंत्र 'नाही' म्हणत होतं? तिनं पुढची ओळ वाचली. बिनशर्त तयार: एकही नाही.

म्हणून साखळी सुरूच झाली नव्हती. नऊ हजारांची वाट बघणाऱ्या हजारो माणसांपुढे पहिलं पाऊल टाकायला एक जण नव्हता. सानिकाला आधी स्वतःची लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत. ज्यांच्या ज्यांच्या भरवशावर तिनं नऊ हजार लिहिले होते ते सगळे तिच्याच भरवशावर बसले होते. आणि मग तिच्या डोक्यात हळूहळू दुसरंच काही उजाडलं. प्रत्येकाचं उत्तर कुलूपबंद होतं हे खरं, पण शून्याला कुलूप लागत नाही. एकही नाही, म्हणजे आत्याही नाही.

सकाळी तोंडावर पाणी मारून ती तडक आत्याकडे गेली. उमेदवार बाई मतदानाच्या दिवशी केंद्राकेंद्रावर फिरायच्या सोडून स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या.

"तू स्वतःला अट घातलीस?" सानिकानं दारातूनच विचारलं.

आत्यानं लाटणं थांबवलं नाही. "चहा घेशील?"

"आत्या!"

"घातली." आत्यानं पोळी तव्यावर टाकली. "तुमच्याकडच्या हळदीकुंकवाला उदाहरण म्हणून लिहिलं ना, तेच पाठवून दिलं. बदलता आलं असतं. रोज रात्री फोन हातात घेत होते आणि ठेवत होते."

"पण का? तू उभी आहेस, आत्या! तूच स्वतःला मत द्यायला तयार नव्हतीस?"

"अगो, उभी राहिले तेव्हा फार शूर होते. मग एकदा तन्मय भेटला बाजारात. बोलला काही नाही, 'आत्या, बरं आहे ना' एवढंच. पण त्याचा चेहरा बघवेना. मी हरले नि माझ्यापायी शेट्ये आला, तर त्याची बाग जाणार. तुमचं बिऱ्हाड उठणार. मला वाटलं, जिंकायची खात्री असेल तरच. नाहीतर माझं मतही बापूलाच जाऊ दे."

"मी तुझ्या भरवशावर होते," सानिका म्हणाली. "मी म्हटलं, तू तरी शून्य लिहिशीलच."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू किती लिहिलंस?"

"तेच. नऊ हजार." आत्या हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"जन्मभर पंप चालवले मी," ती म्हणाली. "विहिरीत कितीही पाणी असू दे, कोरडा पंप ते ओढत नाही. आधी वरून तांब्याभर ओतावं लागतं. खात्यात लागलेल्या पहिल्या दिवशी शिकले होते हे. आणि सगळ्या गावाला कोरडा पंप चालवायला शिकवून बसले. ते उदाहरण घेतलं अख्ख्या गावानं उचलून."

"मग आता? अजून मतदान संपायचंय."

"आता काय? कौल 'नाही' आलाय. लोक बापूकडे वळलेत. मीही जेवून जाते नि बापूला देऊन येते. भट्टी अडली तर तेवढं तरी होईल. तूही तेच कर. शहाणपणाचं तेच आहे, सानू."

खरोखरच शहाणपणाचं तेच होतं. दुपारी तन्मयच्या स्कूटरवर मागे बसून जाताना सानिका स्वतःला हेच बजावत होती. "बापूच ना?" त्यानं मान न वळवता विचारलं, आणि ती पुन्हा "हं" म्हणाली. रांगेत पुढे आंबेरकर वहिनी होत्या. मागे वळून त्यांनी खुणेनंच विचारलं, काय झालं गो? आणि खांदे उडवले. त्यांच्या चेहऱ्यावर ताटातलं शेवटचं थालीपीठ कुणीच न उचलल्यामुळे वाया जावं, तसली हळहळ होती.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे सानिका एकटी उरली. बापूंच्या नावासमोरच्या बटणावर तिनं बोट नेलं. बाग वाचवायची तर हेच बटण. पण अकरा हजारांचा आकडा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. या अकरा हजारांना उद्या कुणी विचारलं, की तुमच्यात खात्रीशिवाय उभं राहणारं एकही माणूस नव्हतं का, तर यंत्र सांगणार, नव्हतं. आणि पुढल्या खेपेलाही सगळे याच आकड्याकडे बघून आणखी मोठी अट घालणार. आत्याला तिनं आयुष्यात काही दिलं नव्हतं, सगळं घेतलंच होतं. तिला तन्मयची भीती वाटली, बागेची भीती वाटली, आणि भीतीसकट तिनं कढईचं बटण दाबलं. यंत्राची शिट्टी तिला गावभर ऐकू गेल्यासारखी वाटली.

मतमोजणीच्या दिवशी शेट्ये निवडून आले. फरक जेमतेम तीनशेचा होता. कढईला सातशेच्या वर मतं पडली होती, म्हणजे सानिकासारखे वेडे आणखीही होते. त्या सातशेतली निम्मी जरी बापूंना गेली असती, तर... दुपारपर्यंत हे 'तर' गावाच्या तोंडी झालं. आत्याचं डिपॉझिट गेलं, आणि बाईंनी उभंच कशाला राहावं, असं तेच लोक म्हणायला लागले जे त्या अकरा हजारांत होते. भट्टीच्या टेंडरवर आठवडा उलटायच्या आत सही झाली.

"तू कुणाला दिलंस?" तन्मयनं निकालाच्या दुपारी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. मत गुप्त असतं आणि कुठलंच यंत्र ते फोडू शकत नव्हतं. पण दोन 'हं' तिच्या घशात अजून टोचत होते.

"कढईला."

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली आणि तो शेडनेटच्या बाहेर निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी दिवस तो गरजेपुरतं बोलला: मीठ दे, टेंपोवाल्याचा फोन आला होता का, मामांनी राजापूरकडची जागा दाखवलीय. रात्री कूस बदलताना त्याचा हात चुकून तिला लागला तर तो मागे घेई. सानिकाला वाटे, उठून ओरडावं, की माझी एकटीची चूक नाही ही. पण मग आपण दाबलेलं बटण आठवे आणि आपल्याला पश्चात्ताप होतोय की नाही हे तिला काही केल्या ठरवता येत नसे.

टेकडीवर पहिली पोकलेन चढली त्या सकाळी टेंपो दारात उभा राहिला. तन्मय कलमांचे क्रेट एकेक करून चढवत होता. तेवढ्यात सानिकाचा फोन वाजला. नवा कौल उघडला होता, मतासाठी नव्हे. टेकडीच्या रस्त्यावर पोकलेनसमोर बसायचं होतं. अख्खं गाव बसलं तर काम थांबेल, दोघं-चौघं बसली तर पोलीस उचलून नेतील. किती जण असतील तर तुम्ही याल? खाली कौल मागणारीचं नाव होतं, वृषाली नाटेकर, आणि एक ओळ: मी बसले आहे, खुर्ची घेऊन.

सानिकानं विचार केला नाही. शून्य लिहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?" तन्मयनं क्रेट हातात धरूनच विचारलं.

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं ते शून्य पाहिलं.

"त्या दिवशी मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात धार नव्हती. "मतदानाला जाताना. मागे बसली होतीस, नुसतं 'हं' म्हणालीस."

"तू अडवलं असतंस."

"अडवलं असतं. भांडलोही असतो." त्यानं मान खाली घातली. "आणि मग कदाचित तुझ्यामागून मीही तेच बटण दाबलं असतं. मला काय बापू हवा होता, सानिका? मीही नऊ हजारच लिहिले होते. कढईपुढे."

एका घरात, एका उशाशी ठेवलेल्या दोन फोनांत तो एकच आकडा होता आणि दोघांनी तो एकमेकांपासून लपवला होता. तिला रडावंसं वाटलं आणि त्याला एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटली.

"पोलीस उचलतील," ती एवढंच म्हणाली. "आत्या आहे आणि मी आहे. अजून कुणाचा पत्ता नाही."

तन्मयनं क्रेट जमिनीवर ठेवला, माती लागलेला हात पँटीला पुसला आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. किती जण असतील तर याल, या प्रश्नापुढे तो थोडा वेळ घुटमळला. मग त्यानं आकडा लिहून फोन तिच्यापुढे धरला. त्यानं एक लिहिला होता.

"आत्यांचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "तू असलीस की पुरे."

आणि टेंपोत चढवलेली कलमं त्यानं एकेक करून खाली उतरवायला घेतली.